गुडघे दुखतात म्हणून जहाजावर गेलो

ग्रुप टूरबद्दल माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. सकाळी ६ ला वेक-अप कॉल, साडेसहाला बॅगा दाराबाहेर, ८ ला बस, आणि मग दिवसभर टूर मॅनेजर झेंडा वर धरून पुढे आणि आपण मागे धापा टाकत. युरोप आम्ही असाच बघितला, वाईट नव्हता, पण तेव्हा हिचे गुडघे धड होते आणि माझी शुगर पण गप्प बसलेली होती. आता मी सत्तरी पार केलीय, हिला १० पायऱ्या चढल्या की थांबावं लागतं, तर आता ते होणे नाही.

मुलगी सिएटलला असते त्यामुळे अलास्का क्रूझ हा विषय तिच्याकडे गेलो की जेवणाच्या टेबलावर यायचाच, आणि मी तो उडवून लावायचो. समुद्रात ७ रात्री करायचं काय, पत्ते किती खेळणार माणूस. शेवटी हिनेच निकाल लावला. म्हणाली, "अहो, बस नाही, चढ नाही, बॅग एकदाच उघडायची. मला जमण्यासारखी हीच एक ट्रिप राहिलीय, ती पण नको म्हणताय?" मग काय बोलणार! मुलगी-जावयाला सुट्टी नव्हती म्हणून आम्ही दोघंच निघालो, आणि खरं सांगू का, तेच बरं झालं. मुलं बरोबर असली की ती आपल्याला सारखी "बाबा चला, बाबा हे बघा" करत राहतात, त्यांचे पैसे वसूल व्हायला पाहिजे असतात.

आता पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी इंडियन पासपोर्टवाल्या आईवडलांनी नीट ऐका. सिएटलहून निघणारं जहाज अलास्का करून परत सिएटललाच येतं, म्हणजे सगळा प्रवास अमेरिकेतलाच, असं वाटतं. तसं नाहीये. मधे व्हिक्टोरिया नावाचं कॅनडाचं बंदर असतं, बहुतेक शेवटच्या संध्याकाळी, ४-५ तासांसाठी. आणि ते बंदर तिथे का, तर अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे की परदेशी झेंड्याच्या जहाजाने नुसतं अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी फिरवायचे नाहीत, मधे एक तरी परदेशी बंदर घ्यायचं. आणि ही मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून ते व्हिक्टोरिया. तर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतो, तुम्ही जहाजातून खाली पाय ठेवणार नसलात तरी लागतो, आणि नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच तुम्हाला चढू देत नाहीत. आम्ही निघायच्या बऱ्याच आधी भारतातूनच अर्ज केला, १०० कॅनेडियन डॉलर फी आणि बोटांच्या ठशांचे ८५ वेगळे, मिरजेहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन ठसे देऊन आलो. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना ते पण बघून घ्या, कारण कॅनडाला शिवून परत अमेरिकेत शिरायचं असतं.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स. आपण इथून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढतो तो बहुतेक वेळा एजंट देईल तो काढतो. त्यात दोन गोष्टी वाचायच्या, आधीपासूनचे आजार धरलेत का, आणि जहाजावरचा इलाज व तिथून उचलून हॉस्पिटलात न्यायचा खर्च धरलाय का. जहाजावर डॉक्टर, नर्स, छोटासा दवाखाना सगळं असतं, पण त्याचं बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर लागतं आणि ते आपल्याकडच्या बिलासारखं नसतं एवढंच सांगतो. आम्हाला जावं लागलं नाही, पण टेबलावर आमच्या शेजारी बसणाऱ्या एका अमेरिकन आजोबांना साध्या खोकल्यासाठी जावं लागलं आणि ते पुढचे दोन दिवस खोकल्यापेक्षा बिलाबद्दलच बोलत होते.

खोली निवडताना मुलीने कॉम्प्युटरवर जहाजाचा नकाशा उघडला आणि मी एमएसईबीत ३५ वर्षं लाइन डायग्राम बघण्यात घालवलेला माणूस, मला मजा आली. जहाजाच्या मधोमध आणि खालच्या बाजूला हलणं कमी जाणवतं, टोकाला आणि वरच्या मजल्यांवर जास्त. लिफ्टच्या जवळची खोली घ्यायची पण अगदी लिफ्टला चिकटून नको, रात्री लोकांचा गोंगाट. जहाज ३०० मीटरच्या आसपास लांब असतं, टोकाची खोली मिळाली तर जेवायला जायचं म्हणजे मॉर्निंग वॉक होतो. बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त, मग खिडकीची, मग बाल्कनीची. मी खिडकीवर अडलो होतो, हिने बाल्कनीच पाहिजे म्हणून हट्ट धरला, पैसे बरेच जास्त लागले. ती का बरोबर होती ते पुढे येईल.

निघायच्या दिवशीचं सगळं फोनवर असतं, बोर्डिंग पास, पासपोर्टचा फोटो, किती वाजता यायचं ते. बॅगांना कागदी टॅग लावून धक्क्यावरच्या पोर्टरकडे द्यायच्या आणि त्या थेट तुमच्या खोलीच्या दाराशी येतात, पण संध्याकाळपर्यंत येतात, म्हणून औषधं, ग्लुकोमीटर, चष्मा, एक स्वेटर हे हातातल्या पिशवीतच ठेवायचं. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली चालत नाही, आगीची भीती. इन्सुलिन वगैरे असेल तर खोलीत छोटा फ्रीज असतो, नाहीतर मागून घेता येतो. आणि हो, घरचं केलेलं खाणं नेता येत नाही, सीलबंद पाकिटं चालतात, त्यामुळे हिची लाडकी दशम्यांची शिदोरी सिएटललाच राहिली आणि चिवड्याची पाकिटं आली. एक प्लास्टिकचा मग मात्र मी आठवणीने नेला होता, का ते मराठी माणसाला सांगायला नको 😄

बाथरूमबद्दल सांगतो कारण आपल्या वयाला ते महत्त्वाचं. अगदी चिमुकलं असतं, एका हाताने साबण घेतला तर दुसरं कोपर भिंतीला लागतं, आणि दारात चांगला वीतभर नाही पण ठेच लागण्याइतका उंबरा असतो. रात्री उठायची सवय असणाऱ्यांनी एक छोटा नाइट लॅम्प नेच. धरायला दांडे असतात. फ्लश विमानासारखा, एवढ्या जोरात ओढतो की पहिल्या रात्री ही दचकून बाहेर आली.

जहाज सुटायच्या आधी सेफ्टी ड्रिल सगळ्यांना सक्तीचं. आपली जागा कुठली, लाइफ जॅकेट कसं घालायचं, सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला तर काय. कंटाळा करू नका.

सिएटलहून सुटलेलं जहाज रात्री व्हँकुव्हर आयलंडच्या बाहेरच्या अंगाने उघड्या पॅसिफिकमधून वर जातं, त्यामुळे पहिली रात्र आणि दुसरा दिवस जरा हलतं. पाण्याखाली दोन बाजूंना माशाच्या कल्ल्यांसारखे पंख काढलेले असतात हलणं कमी करायला, तरी पण कळतं. गरगरण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच आणलेली, कारण त्या गोळीने झोप येते आणि झोपेत तोल जाऊन पडलं तर ते वेगळंच निस्तरावं लागतं. हिला आलेपाकाने भागलं. मी मात्र तो दिवस कॉरिडॉरमधला दांडा धरून चाललो आणि दुपारी चक्क ३ तास झोपलो, घरी एवढं झोपलो असतो तर बोलणी बसली असती.

खाण्याचं काय, हा माझा खरा मुद्दा होता. बुफेत रोज काहीतरी इंडियन असतं, पण ते डाळ म्हणून जे असतं ते आपण डाळ म्हणून ओळखणार नाही. मग पहिल्या रात्री मोठ्या डायनिंग रूममधे वेटरने ऑर्डर घेताना माझ्याकडे बघितलं, हिच्या मंगळसूत्राकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, व्हेज ना? कुठले तुम्ही?" मुलगा मडगावचा निघाला. वडील पण बोटीवर होते, काका पण बोटीवर. गोव्याच्या घराघरातून माणसं बोटीवर जातात हे ऐकून होतो, पण त्या पॅसिफिकच्या मधोमध कोकणी हेल काढून कोणी काका म्हणालं की पोट आपोआप अर्धं भरतं. त्याने सांगितलं की आदल्या रात्री हेड वेटरला सांगून ठेवायचं, किचनमधे इंडियन कुक असतातच, ते करून देतात. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला रोज रात्री वेगळी वाटी यायची, एकदा फोडणीचं वरण आणि गरम भात, एकदा बटाट्याची सुकी भाजी, आणि एकदा तर कुठून पैदा केला देवाला ठाऊक, भाजलेला पापड. ही म्हणाली, "अरे कशाला एवढा त्रास घेतोस बाळा," तर म्हणाला, "काकू, माझी आई पण असंच म्हणते." तो सात-आठ महिने घरी गेलेला नव्हता. टिपेचे पैसे दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप बिलात लागतात, त्यावर लोक फार कुरकुर करतात, मी पण बुकिंग करताना केली होती, पण त्या मुलाला शेवटी आम्ही वेगळं पाकीट दिलं ते हातातलं देतानाही कमीच वाटलं.

चहा मात्र वाईट. कोमट पाणी आणि डिपडिप. हिने इन्स्टंट मसाला चहाची पाकिटं नेली होती, वाचलो.

अलास्काची राजधानी जुनो, तिथे पहिलं बंदर. राजधानी आहे पण बाहेरून एकही रस्ता त्या गावाला येत नाही, विमानाने या नाहीतर बोटीने, मागे डोंगर आणि बर्फ. लोक पटापट उतरले, कोण देवमासे बघायला, कोण मेंडेनहॉल ग्लेशियरला, म्हणजे हिमनदी बघायला. मी वरच्या डेकवर उभा राहून वेगळंच काहीतरी बघत होतो. धक्क्यावरून चार-पाच जाडजूड केबल्स क्रेनने उचलून जहाजाच्या पोटातल्या एका दारात घेत होते. शोअर पॉवर! बंदरात उभं असताना जहाजाने आपले डिझेल जनरेटर बंद करायचे आणि गावाची वीज घ्यायची. आणि ही गोष्ट क्रूझ जहाजांसाठी जगात पहिल्यांदा याच जुनो गावात २००१ मधे झाली, कारण इथे डोंगरातल्या पाण्यावरची वीज आहे आणि गाव कुठल्याच मोठ्या ग्रिडला जोडलेलं नाही, जास्तीची वीज विकायची कोणाला. ६.६ किंवा ११ केव्हीवर, म्हणजे हजारो व्होल्टवर सप्लाय, जहाजाची आणि गावाची वीज आधी एका तालात आणायची (सिंक्रोनाइज) आणि मग लोड हळूहळू गावाच्या विजेवर शिफ्ट करायचा, दिवा सुद्धा लुकलुकत नाही. मी तासभर तिथून हललो नाही. धूर बंद झालेला डोळ्यांनी दिसला. ही म्हणाली अहो लोक ग्लेशियर बघायला येतात आणि तुम्ही वायर बघताय. म्हटलं ग्लेशियर परवा दिसणारच आहे. आणि एक सांगतो, नव्या क्रूझ जहाजांना पुढे ढकलणारे पंखे (प्रोपेलर) पण बहुतेक इलेक्ट्रिक मोटरवरच फिरतात, म्हणजे आपण झोपतो ते एका तरंगत्या पॉवरहाऊसवरच.

दुपारी मग धक्क्याशेजारूनच रोपवे निघतो माउंट रॉबर्ट्सवर, १८०० फूट वर, चालणं जवळजवळ नाही. वर बाकावर बसून खाली आपलंच जहाज बघितलं. जूनमधे तिथे रात्री १० पर्यंत उजेड असतो, हिला सांजवात कधी लावायची तेच कळेना.

पुढचं बंदर स्कॅगवे. हजारभर वस्तीचं गाव आणि एका दिवसात त्याच्या कितीतरी पट माणसं जहाजांतून उतरतात. इथून व्हाइट पास रेल्वे निघते, १८९८ ला बांधायला घेतली आणि १९०० ला पूर्ण केली, ३ फुटी नॅरो गेज, गाडी थेट धक्क्यापर्यंत येते आणि व्हीलचेअरवाल्यांसाठी लिफ्ट असलेला डबा मिळतो, आधी सांगावं लागतं. ३२ किलोमीटरमधे समुद्रापासून साधारण २८६५ फूट चढते. माथेरानची आठवण येणारच, पण इथे एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला बर्फ वितळून पडणारे धबधबे. सोनं सापडलं म्हणून १८९७-९८ ला लोक याच वाटेने कॅनडात गेले, तर कॅनडाच्या पोलिसांनी नियम केला होता की वर्षभर पुरेल एवढं सामान बरोबर असेल तरच पुढे सोडणार, म्हणजे माणशी जवळजवळ एक टन. एका खेपेत ते कुठे जाणार, मग खाली-वर खाली-वर असं करत महिने घालवले लोकांनी. त्या वाटेवर ३००० च्या आसपास घोडे-खेचरं मेली, त्या दरीला अजून मेलेल्या घोड्यांची घळ म्हणतात. गाडीत गाईड हे सांगत होती आणि पुढच्या सीटवरचे लोक सेल्फी काढत होते. असो.

आता ग्लेशियर बे. इथे बंदर नाही, उतरायचं नाही, जहाज सकाळी आत शिरतं आणि दुपारनंतर बाहेर येतं. नॅशनल पार्क आहे, दिवसाला दोनच मोठी क्रूझ जहाजं आत सोडतात. पार्कचे रेंजर एका छोट्या बोटीने येऊन चालत्या जहाजावर शिडीने चढतात आणि मग माइकवरून सांगत राहतात. १७९४ मधे ब्रिटिश जहाजं इथून गेली तेव्हा ही खाडी नव्हतीच, जवळजवळ तोंडापर्यंत बर्फच बर्फ होता, आणि पुढच्या ८५ वर्षांत तो बर्फ ४० मैलांहून जास्त मागे सरकला. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरून नाश्ता करत चाललो होतो तिथे माझ्या पणजोबांच्या पणजोबांच्या काळात बर्फाचा डोंगर होता.

मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबलं. एक मैल रुंद भिंत, पाण्याच्या वर २५० फूट. आणि निळी, खरंच निळी, कारण बर्फ इतका दाबला गेलेला असतो की लाल रंग आतच शोषला जातो. वरच्या डेकवर ही गर्दी, कॅमेरे, खांद्यावर मुलं. आणि आम्ही दोघं आमच्या बाल्कनीत, खुर्च्यांवर, पायावर खोलीतलं ब्लँकेट, हातात मसाला चहा. कॅप्टन जहाज जागच्या जागी हळूहळू गोल फिरवतो, दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दिसावं म्हणून, त्यामुळे डावी घ्यावी का उजवी या वादात पडू नका. एकदा भिंतीचा तुकडा सुटला, एखाद्या दोन मजली घराएवढा असेल, आधी दिसला पडताना, पाणी उडालं, आणि मग दोन-तीन सेकंदांनी आवाज आला, तो पण कडाड् असा नाही, ढग गडगडल्यासारखा आतून. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात म्हणे. ही इतकी वेळ एक शब्द बोलली नाही, आमच्या घरात हे सहसा होत नाही. नंतर म्हणाली, "बाल्कनीचे पैसे फिटले."

केचिकनला पाऊस. वर्षाला १५० इंचांच्या आसपास पडतो तिथे, महाबळेश्वरच्या मानाने कमी, पण आपल्याकडे चार महिन्यांत आटपतो आणि इथे वर्षभर रिपरिप. गावाने धक्क्यावर भलामोठा पर्जन्यमापक लावलाय, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. टोटेमचे, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांचे कोरलेले उंच लाकडी खांब आहेत, खांबांवर उभी केलेली लाकडी घरांची जुनी गल्ली आहे. हिचा गुडघा आदल्या दिवशीच्या गारठ्याने धरला होता. मी म्हटलं आपण नाही उतरायचं. आणि तो आमचा सगळ्यात भारी दिवस ठरला, मी गंमत करत नाही. सगळं जहाज रिकामं! एरवी जिथे खुर्ची मिळत नाही त्या काचेच्या लाउंजमधे आम्ही दोघं आणि लांब कोपऱ्यात एक विणकाम करणाऱ्या आजी, ऐंशीच्या पुढच्या, वॉकर घेऊन एकट्या आलेल्या. त्या दरवर्षी येतात म्हणाल्या, मिस्टर गेल्यापासून. एकट्या माणसाला खोलीचे जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात हा त्यांचा मोठा राग. हिने त्यांना चिवडा दिला, त्यांनी हिला उलटा टाका दाखवला, भाषेची फारशी गरज पडली नाही. गरम पाण्याच्या टबमधे ही पंजाबी ड्रेस घालून अर्धा तास बसली, एरवी ती बसलीच नसती कारण लोक असतात. गुडघ्याला शेक मिळाला. दुपारी ४ ला लोक भिजून परत यायला लागले, पिशव्या, रेनकोट, रांगा, आणि आम्ही वरून बघतोय.

प्रत्येक बंदरात उतरलंच पाहिजे, पैसे दिलेत ना, हा विचार आपल्या लोकांचा जातच नाही. मी तर म्हणेन एक तरी बंदर मुद्दाम सोडा. जहाजाचं भाडं खोलीचं आणि जेवणाचं असतं, सहलींचे पैसे वेगळे असतात, त्यामुळे न उतरल्याने उलट वाचतातच. उतरलात तर परत यायची वेळ मात्र लिहून ठेवा आणि जहाजाचं घड्याळ बघा, अलास्काचं टाइम सिएटलपेक्षा एक तास मागे आहे, फोन कुठलं दाखवेल त्याचा नेम नाही, आणि स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

व्हिक्टोरियाला एवढा व्हिसाचा खटाटोप केला होता म्हणून संध्याकाळी खाली उतरून दिव्यांनी सजवलेली पार्लमेंटची बिल्डिंग टॅक्सीतून बघून आलो. ठीक होतं.

शेवटच्या रात्री बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, सकाळचे कपडे आणि औषधं बॅगेत गेली की संपलं, त्यामुळे ते आधी बाजूला काढा. बिल फोनवर किंवा टीव्हीवर बघून घ्या. आमच्या बिलात आम्ही न घेतलेला एक फोटो लागला होता, जेवताना येऊन फोटो काढणारे असतात त्यांच्यापैकी कोणाचा तरी. काउंटरवर गेलो, पाच मिनिटांत काढून टाकला, पण रात्रीच गेलो म्हणून. सकाळी तिथे ही भली मोठी रांग होती. सिएटलला उतरताना कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं, पासपोर्ट बघितला, झालं. व्हीलचेअर मागितली की वेगळ्या लाइनने आधी सोडतात, हिने नको नको म्हणत शेवटी घेतली.

आता हिला नॉर्वे करायचंय. मी म्हणतोय आधी मुंबईहून लक्षद्वीप करू, व्हिसा नाही, नुसतं परमिट, आणि चहा पण प्यायच्या लायकीचा मिळेल. पण अगत्तीला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच थांबतं आणि छोट्या बोटीत उतरून जावं लागतं, आणि हलत्या बोटीत पाय टाकायचा म्हणजे पुन्हा गुडघे आलेच. मी म्हटलं मग नाही उतरायचं, जहाजावरच बसू. त्यावर ही म्हणते, लक्षद्वीपला जाऊन लक्षद्वीपला उतरायचं नाही म्हणजे अतीच झालं. चर्चा चालू आहे.